शाळेतल्या सगळ्यांचा सत्कार कसा करावा : सीमाभागातल्या सरकारी शाळांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सरकारी मराठी शाळांत शिक्षकदिनाचा बेत बहुतेक ठरलेला असतो. मुख्याध्यापकांना हार, शिक्षकांना शाल-श्रीफळ, पाहुण्यांची चार भाषणं. तेवढ्या वेळात मागच्या खोलीत अक्षर दासोहच्या (कर्नाटकातली शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना) बायका रोजच्यासारखा भात शिजवत असतात आणि मध्येच कुणीतरी त्यांना "मावशी, पाहुण्यांना चहा" म्हणून हाक मारतं. ज्यांच्यावाचून शाळा एक दिवस चालणार नाही, त्यांतले निम्मे लोक आपल्याच शाळेच्या सोहळ्यात वाढपी होतात. एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती), पालक आणि माजी विद्यार्थी मिळून हे सहज बदलू शकतात. खर्च फार नाही, मात्र तयारी तीन आठवडे आधी सुरू करावी लागते.

आधी यादी

यादी शिक्षकांच्या हजेरीपटावरून करू नका. हजेरीपटावर नसलेली माणसंच नेमकी सुटतात. दोन पालकांनी एक अख्खा दिवस वही घेऊन शाळेत बसावं. कुलूप कोण उघडतं, अंगण कोण झाडतं, टाकीत पाणी कोण सोडतं, दूध कोण ढवळतं, शौचालय कोण धुतं, संध्याकाळी खिडक्या कोण लावतं, हे सगळं पाहून लिहावं. लहान प्राथमिक शाळेला बहुधा शिपाई नसतो, त्यामुळे त्याचं काम कुणीतरी न बोलता अंगावर घेतलेलं असतं. ते कोण, हे या वहीतून कळतं.

यादीत साधारण ही माणसं येतात : मुख्याध्यापक, सहशिक्षक, कन्नड शिकवणारे शिक्षक, अतिथी शिक्षक, दासोहच्या मुख्य स्वयंपाकीण आणि त्यांच्या मदतनीस, आवारातच अंगणवाडी असेल तर तिथल्या सेविका आणि मदतनीस, क्लस्टरचे (शाळांच्या गटाचे) सीआरपी म्हणजे साधनव्यक्ती, आणि ग्रामपंचायतीचा वॉटरमन. हायस्कूल असेल तर कारकून आणि शिपाई वेगळे लिहा. मुलं बसने येत असतील, तर रोज त्या फेरीवर असणारे वायव्य कर्नाटक परिवहनचे चालक-वाहक विसरू नका. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ती एक फेरी चुकली की निम्मा वर्ग रिकामा राहतो.

स्वयंपाकिणींची संख्या पटावर ठरते. २५ मुलांपर्यंत एक, २६ ते १०० पर्यंत दोन, आणि पुढच्या दर १०० मुलांमागे आणखी एक, असा निकष आहे. म्हणजे पट १३० असेल तर तिघी हव्यात. तुमच्या यादीत दोनच नावं आली असतील, तर तिसरी जागा रिकामी आहे की नाव राहिलंय, हे विचारून घ्या. एखादी बाई आजारी पडली की तिची सून किंवा मुलगी महिना-महिना येऊन काम करते. कागदावर तिचं नाव नसतं, पण मुलं तिच्या हातचं जेवलेली असतात. तिला यादीत घ्या.

अंगणवाडीच्या बाई महिला व बालविकास खात्याच्या असतात, शिक्षण खात्याच्या नव्हे. त्यांना बोलवायचं तर त्यांच्या सुपरवायझरना आधी कळवा. नाहीतर ऐन कार्यक्रमाच्या वेळी त्या एखाद्या मीटिंगला गेलेल्या असतात.

यादी झाली की ती मुख्याध्यापकांना आणि मुख्य स्वयंपाकिणीला, दोघांनाही वेगवेगळी वाचून दाखवा. कुणाचं नाव सुटलंय हे एकाला आठवत नाही, पण दुसऱ्याला हमखास आठवतं.

तारीख

५ सप्टेंबर हा डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्मदिवस. १९६२ पासून तो शिक्षकदिन म्हणून पाळला जातो. अडचण अशी की त्याच दिवशी तालुक्याच्या ठिकाणी खात्याचा कार्यक्रम असतो आणि शिक्षकांना तिकडे जावं लागतं. शाळेत आपण मंडप घालून बसायचं आणि सत्कारमूर्ती खानापुरात! शिवाय हे दिवस गौरी-गणपतीच्या आगेमागे येतात. फुलांचे भाव चढलेले असतात, घरोघरी पाहुणे असतात आणि आचारी मिळत नाही.

५ सप्टेंबरच धरायचा असेल तर २०२६ मध्ये तो शनिवारी येतोय. गणेश चतुर्थी त्या वर्षी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे घरं थोडी मोकळी असतील. पण शनिवारची शाळा सकाळची असते आणि तालुक्याचा कार्यक्रमही त्याच दिवशी असेल, तेव्हा आपला कार्यक्रम पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या दिवशी ठेवलेला बरा.

आमच्या मते याहून चांगली तारीख ३ जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्यांचा जन्म १८३१ चा. १८४८ मध्ये पुण्यात जोतीरावांबरोबर मुलींची शाळा उभी करणाऱ्या बाईंच्या नावाने शाळेतल्या शिक्षिका, स्वयंपाकिणी आणि झाडलोट करणाऱ्या बायकांचा मान करायला त्याहून योग्य दिवस शोधावा लागणार नाही. खानापूर-बेळगावकडची भाताची सुगी तोवर आटोपलेली असते, आकाश मोकळं असतं, अंगणात बसता येतं. २०२७ मध्ये ३ जानेवारी रविवारी येते, म्हणून शनिवार २ जानेवारी धरा.

टाळायचे काळ तीन. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात पावसाच्या सुट्ट्या पडतात आणि निपाणी-चिकोडीकडे दूधगंगा-वेदगंगेवरचे बंधारे पाण्याखाली जातात, त्यामुळे पलीकडून येणारे शिक्षक अडकतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कर्नाटक राज्योत्सवाच्या (१ नोव्हेंबर, राज्याचा स्थापनादिन) मागे-पुढे भाषेचं वातावरण तापलेलं असतं. अशा दिवसांत सरकारी नोकरांना कुठल्याही व्यासपीठावर बसवून अडचणीत आणू नये. आणि डिसेंबरात बेळगाव शहरालगतच्या शाळांनी सुवर्ण विधानसौधमधलं विधिमंडळाचं अधिवेशन कधी आहे ते बघावं. त्या दिवसांत अधिकारी मोकळे नसतात आणि रस्तेही.

ठराव आणि परवानगी

एसडीएमसीच्या बैठकीत लेखी ठराव घ्या : कार्यक्रमाची तारीख, वेळ, सत्कार होणाऱ्यांची पूर्ण यादी, खर्च कशातून होणार, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक कोण करणार. या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व पुढे कळेल. ठरावाची प्रत जोडून मुख्याध्यापकांमार्फत क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांना किमान १५ दिवस आधी पत्र द्या.

हे पत्र म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. सरकारी नोकराने जाहीर सत्कार स्वीकारण्याआधी परवानगी घ्यावी, अशी अट वर्तणूक नियमांत असते. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा घरगुती स्वरूपाचा निरोप त्यात धरत नाहीत. आपण प्रेमाने केलेल्या कार्यक्रमावर पुढे कुणी अर्ज केला, तर खुलासा शिक्षकाला द्यावा लागतो, आपल्याला नाही. म्हणून कागद आधी करून ठेवा. त्याच कारणाने महाग वस्तू देऊ नका. सोन्याची नथ, मोबाईल, रोख रकमेचं पाकीट यांतलं काहीही शिक्षकांना देणं त्यांच्याच गळ्याशी येतं.

पैसे

मुलांकडून वर्गात वर्गणी गोळा करायची नाही. शाळेचं अनुदानही या कामाला लावायचं नाही. घरटी ५० रुपये अशी वरची मर्यादा ठेवा. ज्यांना जमणार नाही त्यांनी तांदूळ, नारळ, गूळ द्यावा किंवा दोन तास कामाला यावं. माजी विद्यार्थ्यांकडून जास्त घेतलं तरी चालेल, पण कुणाचं नाव फलकावर मोठं छापायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. एकाने सगळा खर्च उचलला की कार्यक्रम त्याचा होतो आणि दुसऱ्या वर्षी तो नसला की बंद पडतो.

हिशोब एकाने ठेवावा आणि खरेदी दुसऱ्याने करावी. पावत्या वहीला चिकटवाव्यात.

काय द्यावं

नियम एकच आहे, सगळ्यांना एकच वस्तू. मुख्याध्यापकांना पैठणी काठाची शाल आणि स्वयंपाकिणीला टॉवेल-टोपीच्या तोडीचं काहीतरी दिलं, तर ज्याच्यासाठी कार्यक्रम केला तेच मोडलं. चौघी स्वयंपाकिणींना एका रंगाच्या साड्या आणि शिक्षिकांना वेगवेगळ्या, हीदेखील तीच चूक आहे. एका रंगाची साडी गणवेशासारखी दिसते आणि घेणारीला ते लगेच कळतं.

शाल सगळ्यांना चालते. साड्याच द्यायच्या तर सर्व स्त्रियांना द्या, रंग त्यांना आधी विचारा, आणि शक्य असेल तर वडगाव-शहापूरकडच्या विणकरांच्या मागावरच्या घ्या. बेळगावचीच वस्तू बेळगावच्या माणसाच्या अंगावर पडते आणि मधला दलाल टळतो. पुरुषांना त्याच किमतीचं शर्टाचं कापड द्या. खरेदीला गणपत गल्ली, खडेबाजारात आठ दिवस आधी जा. एकाच दर्जाच्या १४-१५ शाली ऐन वेळी एका दुकानात मिळत नाहीत आणि मग दोन प्रकारच्या येतात. मोजून दोन जास्त घ्या, कारण यादी कितीही नीट केली तरी एक नाव त्या दिवशी वाढतंच.

पुष्पगुच्छ नको. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली फुलं संध्याकाळी उकिरड्यावर जातात. शेवंतीचा एक गजरा किंवा एक फूल पुरे. रोपटं द्यायचं असेल तर ते घरी लावायला जागा आहे का, ते विचारा.

आता एक गोष्ट फार जपून करायची आहे. आपल्याकडे स्त्रियांचा मान म्हटलं की हळदी-कुंकू आणि ओटी आपोआप येते. दासोहच्या कामावर नेमताना विधवा आणि निराधार बायकांना प्राधान्य दिलं जातं. म्हणजे तुमच्या शाळेतल्या तिघींपैकी एखादी विधवा असण्याची शक्यता बरीच. व्यासपीठावर सगळ्यांदेखत दोघींची ओटी भरून तिसरीच्या हातात नुसता नारळ ठेवणं, हा अपमान ती आयुष्यभर विसरणार नाही. म्हणून ओटी नाही, कुंकवाचा करंडा नाही. सगळ्यांना फूल, सगळ्यांना नारळ, सगळ्यांना शाल. हे स्वागत समितीच्या बायकांना आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा. नाहीतर कुणीतरी सवयीने ताट घेऊन येतं.

फेटे बांधायचे असतील तर स्त्री-पुरुष दोघांनाही बांधा. एका फेट्याला सराईत माणसाला ३-४ मिनिटं लागतात. १४ माणसं म्हणजे पाऊण तास. ते काम कार्यक्रमाच्या आधी, वर्गखोलीत उरका.

दोन ओळी, पण खऱ्या

शाल कपाटात जाते, मानपत्राचे शब्द घरात भिंतीवर राहतात. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

छापील मानपत्रात "ज्ञानदानाचे पवित्र कार्य", "विद्यार्थ्यांच्या जीवनात प्रकाश" अशी वाक्यं असतात. ती कुणालाही लागू पडतात, म्हणून कुणाचीच नसतात. त्याऐवजी मुलांकडून माहिती गोळा करा. चौथी आणि त्यावरच्या मुलांना प्रत्येक व्यक्तीबद्दल तीन प्रश्न द्या :

– यांनी तुझ्यासाठी केलेली एक गोष्ट कोणती?
– त्या शाळेत आल्या नाहीत तर त्या दिवशी काय अडतं?
– यांच्या तोंडचं कुठलं वाक्य तुला पाठ आहे?

"या कशा आहेत?" असं विचारू नका. उत्तर "छान" येतं. पहिली ते तिसरीच्या मुलांना तोंडी विचारा आणि जसं बोलतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. शिक्षकांनी ही उत्तरं तपासायची किंवा सुधारायची नाहीत. स्वतःबद्दलचं कौतुक स्वतः शुद्धलेखन लावून ऐकण्यात काही राहत नाही. हे काम माजी विद्यार्थ्यांकडे द्या.

आलेल्या उत्तरांतून प्रत्येकासाठी ४ ते ६ वाक्यं निवडा. नमुना असा :

"अक्का, तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी येता. दुधात गाठी राहू नयेत म्हणून भुकटी आधी थोड्या कोमट पाण्यात कालवता, हे आम्ही खिडकीतून बघतो. ज्याला दुसऱ्यांदा भात मागायला लाज वाटते, त्याच्या ताटात तुम्ही न मागता वाढता. तुमच्या हातच्या आमटीची चव आम्ही हायस्कूलला गेल्यावरही लक्षात ठेवू. सहावीची मुलं-मुली."

या मजकुरात एकही मोठा शब्द नाही, पण तो दुसऱ्या कुठल्या बाईंना देता येणार नाही. लिहून झाल्यावर हीच कसोटी लावा. नाव झाकून वाचा. कोणाबद्दल आहे ते शाळेतल्या मुलाला ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर पुन्हा मुलांकडे जा.

चुका कुठे होतात? स्वयंपाकिणीबद्दल लिहिताना "गरिबीतून संसार सावरत" अशी वाक्यं घुसतात. तिच्या घरची परिस्थिती माईकवरून सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिच्या कामाबद्दल बोला. काम काही कमी नाही. योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं. शंभर मुलांमागे रोज दहा-बारा किलो तांदूळ निवडून, धुऊन, शिजवून वेळेवर पानात पडतो. त्याआधी प्रत्येकी १५० मिलिलिटर दूध. या कामाचं मानधन वर्षातले १० महिने मिळतं, सुट्टीतलं मिळत नाही आणि मागे निवृत्तिवेतनही नाही. हे आकडे पाहुण्यांच्या कानावर घालायचे असतील तर निवेदकाने शांतपणे, कुणा एकीकडे बोट न दाखवता सांगावेत.

दुसरी चूक लांबीची. एका मानपत्राला एक मिनिट. १४ जणांची १४ मिनिटं.

तिसरी चूक वाचण्याची. काही स्वयंपाकिणींना वाचता येत नाही. म्हणून कागद हातात देण्याआधी तो मुलाने त्यांच्यासमोर, त्यांच्याकडे तोंड करून मोठ्याने वाचायचा. प्रेक्षकांकडे बघून वाचला तर ते भाषण होतं.

कन्नड शिकवणाऱ्या सरांचं किंवा बाईंचं मानपत्र मुलांनी कन्नडमधून लिहावं. त्यांनी शिकवलेलंच त्यांना परत द्यायचं. तीन वाक्यं पुरतात. सुरुवात "नम्म कन्नड शिक्षकरिगे हृत्पूर्वक धन्यवादगळु" अशी करा आणि पुढची दोन मुलांना स्वतः रचू द्या. चूक झाली तरी राहू दे. मराठी घरातल्या मुलाने धडपडत बोललेलं कन्नड वाक्य हीच त्या शिक्षकांच्या वर्षभराच्या कामाची पावती आहे.

फलक आणि भाषा

फ्लेक्स छापू नका. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकचे फलक, पताका आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे. सरकारी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लावला तर दंडाची नोटीस मुख्याध्यापकांच्या नावाने येऊ शकते. जुन्या पांढऱ्या चादरीवर रंगाने लिहा. ६ फूट बाय ३ फूट कापड पुरतं. वर कन्नड आणि खाली मराठी, दोन्ही ओळी ठळक अक्षरांत लिहा. कन्नड मजकूर कन्नड शिक्षकांकडून आधी कागदावर लिहून घ्या. फोनवरून भाषांतर करून काढलेल्या मजकुरात अक्षरं चुकतात आणि मग तेवढ्यावरून वाद होतो.

कार्यक्रमात नाडगीत (कर्नाटकाचं राज्यगीत) घ्या. सरकारने ठरवलेल्या चालीत ते अडीच मिनिटांत होतं. मुलांना रोजच्या परिपाठात येतंच. सीमाप्रश्नाबद्दल ज्याची जी भावना आहे ती खरी आहे आणि ती मांडायला दुसऱ्या जागा आहेत. इथे व्यासपीठावर बसलेली माणसं कर्नाटक सरकारच्या नोकरीत किंवा मानधनावर आहेत. पाहुण्याने या विषयावर एक वाक्य बोललं तरी उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर येते. म्हणून पाहुण्यांना निमंत्रण देतानाच विषय आणि वेळ सांगा : "शाळेत काम करणाऱ्यांबद्दल, चार मिनिटं."

कार्यक्रमाचा दिवस

एकूण वेळ सव्वा तास. त्याहून लांबला की लहान मुलं चुळबुळ करतात आणि ज्यांचा सत्कार त्याच उठून मुलांना गप्प करायला जातात.

खुर्च्या एका रांगेत, एका उंचीच्या. मुख्याध्यापक मध्ये आणि बाकीचे कडेला, अशी उतरंड नको. नावाच्या पट्ट्या लावा आणि शिक्षक, स्वयंपाकीण, वॉटरमन, शिक्षिका असे मिसळून बसवा. पट्टी लावली नाही तर दासोहच्या बायका मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहतात. कितीही बोलावलं तरी पुढे येत नाहीत. त्यांना हात धरून बसवायला त्यांच्या ओळखीच्या दोन बायका नेमा. पाहुणे समोर, पालकांत बसतील. व्यासपीठ सत्कारमूर्तींचं आहे.

क्रम असा ठेवा : नाडगीत, दोन मिनिटांचं प्रास्ताविक, लगेच सत्कार, मग मुलांची दोन गाणी, पाहुण्यांची चार मिनिटं, आणि शेवटी सत्कारमूर्तींपैकी ज्यांना बोलायचंय त्यांना माईक. सत्कार भाषणांच्या नंतर ठेवला की वेळ संपत येतो, "आता बाकीच्यांना एकत्रच देऊ" असं होतं, आणि एकत्र उरकले जातात ते नेहमी स्वयंपाकीण आणि शिपाईच. म्हणून नावं पुकारायची ती वर्णानुक्रमाने. पदाने नाही, नोकरीच्या वर्षांनीही नाही.

शाल मुलांनी घालायची. पाहुण्यांच्या हस्ते नको. पहिलीतल्या मुलाचा हात पोचत नाही तिथे सत्कारमूर्ती खाली वाकतात आणि तो फोटो सगळ्यात चांगला येतो. फोटो काढणाऱ्याला यादी द्या आणि प्रत्येकाचा एक सुटा फोटो घ्यायला सांगा. बऱ्याच स्वयंपाकिणींचा शाळेच्या एकाही फोटोत चेहरा नसतो.

पश्चिम पट्ट्यात वीज जाणं नेहमीचंच आहे. बॅटरीवर चालणारा स्पीकर आदल्या रात्री चार्ज करून ठेवा.

जेवण

सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर तोलला जातो. त्या दिवशी दासोहच्या बायकांनी चुलीजवळ जायचं नाही. स्वयंपाक पालकांनी करायचा. लोकसहभागातून मुलांना दिलेल्या अशा जेवणाला पीएम पोषण (केंद्राची शालेय जेवणाची) योजनेत तिथी भोजन म्हणतात आणि त्याला मान्यता आहे. मुख्याध्यापकांनी ते नोंदवहीत लिहावं, म्हणजे त्या दिवशीचं धान्य खर्ची पडलं नाही हे कागदावर राहतं.

बेत साधा ठेवा : खपली गव्हाची खीर, भात, आमटी, वांगी-बटाट्याची भाजी. १०० माणसांसाठी (७५ मुलं, २५ मोठी) मापं :

तांदूळ ९ किलो. तूरडाळ अडीच किलो, त्यातून १८ ते २० लिटर आमटी होते. वांगी ५ किलो, बटाटे ३ किलो, कांदे २ किलो. तेल सव्वा ते दीड लिटर. कांडून कोंडा काढलेला खपली गहू ३ किलो, गूळ ३ किलो, नारळ ५, सुंठ ३० ग्रॅम, वेलची २० ग्रॅम, एक जायफळ. दूध ५ लिटर, वेगळं. पिण्याचं पाणी १०० लिटर, हात धुण्याचं वेगळं.

खपली बेळगाव जिल्ह्यातच पिकते, बाजारात मिळते. गहू आदल्या संध्याकाळी भिजत घाला, निदान ८ तास. सकाळी तिप्पट पाण्यात दाणा बोटात चेपला जाईपर्यंत शिजवा. गूळ त्यानंतरच. दाणा कच्चा असताना गूळ पडला तर तो पुढे कितीही शिजवा, टणकच राहतो, आणि मोठ्या पातेल्यात ही चूक सुधारता येत नाही. दूध खिरीत ओतू नका. गरम गुळात ते नासतं. वाढताना ज्याला हवं त्याच्या वाटीत गार दूध घाला. खोवलेलं खोबरं शेवटच्या दहा मिनिटांत.

भात एका पातेल्यात ५ किलोपेक्षा जास्त लावू नका. घरच्या स्वयंपाकाची सवय असलेल्या बायकांचा इथेच घोळ होतो. खाली करपतो, वर कणी राहते. दोन पातेल्यांत लावा. शाळेच्या गॅसची शेगडी आणि रेग्युलेटर मुख्य स्वयंपाकिणीकडून आदल्या दिवशी समजून घ्या, भांड्यांची मापंही. त्या दिवशी दर पाच मिनिटांनी "अक्का, झारा कुठाय?" असं विचारत त्यांना खुर्चीवरून उठवलं तर सुट्टी कसली? झारे, चमचे, काड्यापेटी, मीठ-हळदीचे डबे, सगळं एका टेबलावर आधीच मांडून घ्या. सिलिंडर भरलेला आहे का, तेही बघा.

वाढण्याआधी अर्धा तास दोन-तीन मोठ्यांनी, त्यांत एक शिक्षक, जेवण चाखून वहीत सही करायची. हा रोजचा नियम आहे, आजही पाळायचा. पालकांनी घरून डबे, लाडू, पेढे आणून पंगतीत वाटू नयेत. मुलाला बाधलं तर कशाने ते कळत नाही.

पंगत एकच. सत्कारमूर्ती, मुलं, पालक, पाहुणे सगळे खाली बसतील. ज्यांना गुडघ्यामुळे बसता येत नाही त्यांना बाक. वेगळ्या खोलीत पाहुण्यांची पंगत मांडली की गावाला नेमकं काय ते कळतं. स्वयंपाकिणींना पंगतीत सगळ्यांच्या आधी बसवा आणि त्यांना वाढायला सातवीतली मुलं लावा. त्या नको म्हणतील, "आधी पोरांचं होऊ दे" म्हणतील. बसवाच.

भांडी कोण घासणार हे ठरावातच लिहिलेलं हवं. सहा माणसांची नावं, त्यांत निदान तीन पुरुष. जेवणं झाली की पालक मुलांना घेऊन घरी जातात आणि दुपारी तीन वाजता शाल पिशवीत ठेवून त्याच बायका पातेली घासताना दिसतात. हे एकदा झालं की सकाळी केलेलं सगळं पुसलं जातं.

ज्यांचा दिवस चुकतो

सप्टेंबरचा किंवा जानेवारीचा एक कार्यक्रम झाला तरी काही माणसं निसटतात. अतिथी शिक्षकांची नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती असते. मार्चनंतर ते पुढच्या वर्षी याच शाळेत येतील याची खात्री नाही. शाळा सुटण्याआधीच्या आठवड्यात त्यांना मुलांच्या सह्यांचा एक कागद आणि मुख्याध्यापकांच्या सहीचं कामाचं पत्र द्या. त्या पत्रात शिकवलेले वर्ग, विषय आणि महिने लिहा. पुढच्या नोकरीच्या अर्जाला त्यांना ते शालीपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

शिक्षक ६० व्या वर्षी, जन्ममहिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतात. जन्मतारीख महिन्याच्या १ तारखेची असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांची शाळेत लावलेली तारीख १ जून आहे. ते ३१ मे रोजी निवृत्त होतात. तेव्हा सुट्टी संपून शाळा नुकती कुठे भरत असते आणि मुलं अजून मामाच्या गावाहून परतलेली नसतात. कोण कधी निवृत्त होतंय हे मुख्याध्यापकांना जानेवारीतच विचारा आणि त्यांचा निरोप एप्रिलच्या सुट्टीआधी, मुलं असताना करा. स्वयंपाकीण काम सोडते तेव्हा तर आदेशाचा कागद येतो आणि ती दुसऱ्या दिवसापासून येत नाही. तिच्या वयाची नोंद मुख्याध्यापकांकडे असते. तीही तारीख त्याच वहीत लिहून ठेवा.

कार्यक्रमानंतर आठ दिवसांच्या आत हिशोब सूचनाफलकावर लावा आणि सुटे फोटो छापून प्रत्येकाच्या घरी मुलांच्या हस्ते पोचवा. बसच्या चालक-वाहकांना कार्यक्रमाला येता आलं नसेल, तर त्यांची शाल आणि मानपत्र सकाळच्या फेरीला थांब्यावरच द्या. बस दोन मिनिटं थांबेल. मानपत्र वाचणाऱ्या मुलाला त्या दिवशी पुढच्या दाराने चढायला सांगा.